आतली खुर्ची

“हिच्या रक्तातच आहे ताल,” मॅडम म्हणाल्या आणि सगळा हॉल हसला.

मी चौदा वर्षांची होते. पार्ल्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये पाश्चात्त्य संगीताच्या एका सोसायटीची रिहर्सल चालू होती. मॅडम त्या सोसायटीच्या सर्वेसर्वा. ऑर्केस्ट्रात घ्यायचं की नाही हे बघायला त्यांनी मला सगळ्यांसमोर चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, वाजवायला लावला होता. मी वाजवला. कुठे चुकले नाही. मग त्यांनी विचारलं, “वडील काय करतात?”

“मरोळला कंपनीत आहेत. आणि वाजवतात.”

“काय वाजवतात?”

“बेंजो.”

“म्हणजे ते वरातीपुढे? हातगाडीवर स्पीकर लावून?” मॅडमनी दोन्ही हात वर करून, खांदे हलवून थोडं नाचून दाखवलं. पहिलं हसू तेव्हाचं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. “अच्छा,” म्हणाल्या. आमच्या आडनावानंतर येणारा ‘अच्छा’ मला त्या वयातही ओळखता यायचा. बाकीच्यांच्या आडनावानंतर येतो त्यापेक्षा तो लांब असतो. आणि मग ते वाक्य. रक्तातच आहे ताल.

कौतुक होतं म्हणे ते. घरी येऊन आईला सांगितलं तर तीही खूश झाली. मला मात्र जेवण गेलं नाही. शाळा सुटली की मी जोगेश्वरीहून बस पकडून मरोळला शिकायला जायचे. डाव्या हाताच्या बोटांची सालं निघायची, आई त्यांना खोबरेल लावायची. परीक्षेच्या दिवसांतसुद्धा मी सुट्टी घेतली नव्हती. हे सगळं रक्तात होतं का? मॅडमचा भाचा व्हायोलिन वाजवायचा, माझ्याहून थोडा मोठा. तो चांगला वाजवायचा तेव्हा मॅडम म्हणायच्या, मेहनती आहे. बाकीच्या मुलांची मेहनत असायची. माझंच तेवढं रक्त.

चेलो माझ्या हातात आला तो मेंडोन्सा सरांमुळे. सर मरोळच्या गावठाणात राहायचे. उभा जन्म गोरेगावच्या स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांमागे चेलो वाजवला, म्हातारपणी चर्चच्या पोरांना फुकट शिकवायचे. पप्पांची कंपनी त्यांच्या घरासमोर. पप्पा डबा खाता खाता ऐकत बसायचे. एक दिवस मला घेऊनच गेले. व्हायोलिनं सगळी चर्चच्या पोरांकडे होती. कोपऱ्यात एक चेलो उभा होता, माझ्याहून उंच. तो कोणाला नको होता, कारण उचलावा लागतो.

“काय गो, उचलशील?” सरांनी विचारलं.

मी उचलला. सर हसले आणि म्हणाले, “बस. अर्धं काम झालं.”

सरांनीच मला सोसायटीत पाठवलं. “माझ्याकडचं संपलं,” म्हणाले. “चार माणसांत बसून वाजवायला शिक.”

चार माणसांत मी बसले, पण कुठे? चेलोवाले दोघं मिळून एका स्टँडसमोर बसतात. एक प्रेक्षकांच्या बाजूला, एक आतल्या बाजूला. स्टँडवर सुरावट लिहिलेला कागद दोघांत एकच. पान संपलं की आतल्याने हात थांबवायचा, पान उलटायचं, बाहेरचा वाजवत राहतो. जगभर हीच रीत आहे आणि रीतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खुर्च्या बदलतात. आज आत बसलेला उद्या बाहेर बसतो, पुढच्या स्टँडवर जातो, एक दिवस पहिला होतो. माझ्या शेजारी बसून गेलेले सगळे असे पुढे गेले. माझ्यानंतर आलेले गेले. ज्यांना मी बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं तेही गेले. मी आतच.

एकदा धीर करून मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, तुझ्याइतकं वेळेवर पान कोणीच उलटत नाही. तू गेलीस तर आमची वाट लागेल ना!” पुन्हा सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

चेलो सोसायटीचा होता. सुरुवातीला तो घरी नेता यायचा नाही. मॅडम म्हणाल्या, “तिथे तुमच्याकडे ठेवणार कुठे? दमट हवा, वास, माणसं. लाकूड खराब होतं.” लाकडाची काळजी होती त्यांना. त्यांच्या स्वतःच्या घरात समुद्राचा वारा यायचा, तो दमट नव्हता. पुढे मी सोसायटीच्या छोट्या मुलांना शिकवायला लागले, तेव्हा चेलो घरी न्यायला परवानगी मिळाली. मग तो आमच्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये उभा असायचा. इतकी वर्षं त्याच्या लाकडाला काही झालं नाही.

ऑर्केस्ट्रा उभा कसा करायचा, हातातल्या छडीने लय कशी धरायची, कुणाला कधी आत घ्यायचं, हे मी सरांकडे शिकले. त्यांनी चार-पाच मोठ्या संगीतरचनांची सगळ्या वाद्यांची पानं माझ्याकडून पाठ करून घेतली. बांबूची काडी घासून, तिला बाटलीचं बूच लावून छडी करून दिली. सोसायटीत कंडक्टर बाहेरून यायचा, कधी परदेशातून. तो कार्यक्रमाच्या आधी जेमतेम तीन-चार रिहर्सली घ्यायचा. त्याआधीचे महिने कोण घेणार? मी. सुरात नसलेले सुरात आणायचे, उशिरा शिरणाऱ्यांना वेळेवर आणायचं, भांडणं मिटवायची. पाहुणा आला की मी छडी पिशवीत टाकून आतल्या खुर्चीत जाऊन बसायचे. कार्यक्रम संपला की पाहुणा एकेकाला उभं करून टाळ्या मिळवून द्यायचा. मला कोणी उभं केलं नाही. त्याला माहीतच नसायचं.

असं करता करता माझी चाळिशी जवळ आली. सर गेले. लग्न केलं नाही, शिकवण्या केल्या, गोरेगावला मालिकांच्या रेकॉर्डिंगला जाऊन वाजवलं. आणि मग गेल्या वर्षी मॅडमनी मला घरी बोलावलं. चहा दिला. म्हणाल्या, “या वेळी कंडक्टर बाहेरचा नको. तू कर.”

मी रस्त्यावर येऊन रडले. खोटं कशाला बोलू. त्या क्षणी मी त्यांचं सगळं माफ केलं होतं.

रिहर्सली सुरू झाल्या. एक जुनी जर्मन सिंफनी होती, चार भागांची. तिचा दुसरा भाग संथ, आणि त्यात चेलो एकटेच एक धून घेतात. ती धून मी घरी इतकी घासली होती की गल्लीतल्या पोरांना पाठ. पप्पा रिटायर झाले होते, पण रविवारी बेंजो पार्टीत जायचेच. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं वाद्य, एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. जयंतीची मिरवणूक असो, हळद असो, पप्पांचा बेंजो लागला की लोकांचे पाय थांबत नसत.

एक दिवस त्यांनी मला विचारलं, “तुम्ही सगळे सुरुवातीला एकच सूर लावता ना गं? तो कुठला?”

मी कामात होते. मोबाइलवर तो सूर वाजवून दाखवला. “आमचा याच्या खाली आहे,” पप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते बेंजोच्या तारा बदलून आले. मला वाटलं, हौस.

कार्यक्रमाच्या दिवशी मी काळी साडी नेसून रिक्षातून उतरले. अंधेरीतला मोठा हॉल, बाहेर गाड्यांची रांग. गेटवर मांडवासारखं काहीतरी उभारलेलं होतं, झेंडूच्या माळा, दिवे. आणि कुठून तरी बेंजो ऐकू येत होता.

ती धून होती. आमची. संथ भागातली, चेलोची. एकही जागा न चुकता, आमच्याच सुरात. मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. गेटच्या खांबाशी पप्पा उभे होते. अंगात जरीचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर फेटा. तो कोट त्यांचा नव्हता. पप्पांची पार्टी टी-शर्ट घालून वाजवते. कोणीतरी भाड्याने आणून चढवला होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. डोळे मिटून वाजवत होते.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा एक माणूस धावत आला. कानात वायर. त्याने पप्पांच्या खांद्यावर टिचकी मारली.

“काका, ये नहीं. वो बारातवाला बजाओ. गेस्ट आ रहे हैं.”

पप्पांनी डोळे उघडले. समोर मी. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. “आत कधी जायचंय?” त्यांनी विचारलं.

“अंदर नहीं, काका. आप का इधर ही है.”

पप्पांनी मान हलवली आणि वरातीचं गाणं सुरू केलं. रेशमी कुर्त्यातले दोन पाहुणे गाडीतून उतरून त्यांच्यासमोर हात वर करून नाचले, एकाने त्यांच्यासोबत सेल्फी काढला. पप्पा वाजवत राहिले. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. उभ्या आयुष्यात हजार वरातींपुढे वाजवताना तो तसा कधी झाला नव्हता.

मी आत गेले. मॅडम विंगेत होत्या.

“पप्पा गेटवर का आहेत?”

“अगं, सरप्राइज!” त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “मीच फोन केला त्यांना. म्हटलं, लेकीच्या कार्यक्रमात वाजवाल का? इतके खूश झाले! कल्पना बघ ना, गेटवर वडील, पोडियमवर मुलगी. सुरुवातीला निवेदक तुझी सगळी जर्नी सांगेल. जोगेश्वरी, ती खोली, सगळं. मग वडिलांना त्याच ड्रेसमध्ये स्टेजवर बोलवू. तू पाया पडशील. मग सुरू करा.”

“कुणाच्या पाया?”

“त्यांच्या. आणि मग… मी तिथेच असेन ना.”

तेव्हा मला सगळं दिसलं. लेकीच्या कार्यक्रमात वाजवाल का, असं विचारलं तर जन्मभर वाजवणारा माणूस काय समजेल? त्याने तारा बदलल्या. माझा सूर विचारून घेतला. माझी धून चोरून पाठ केली. आणि नवा शर्ट शिवून आला असणार, कारण विंगेत येताना मेकअपच्या खोलीत खुर्चीवर एक पांढरा शर्ट घडी करून ठेवलेला दिसला होता, इस्त्रीचा.

मी म्हटलं, “निवेदन होणार नाही. पप्पा स्वतःचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसतील. मी येईन, वाजवू, संपेल. जसं बाकी सगळ्या कंडक्टरांचं होतं तसं.”

मॅडमचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी न हसता बोलल्या.

“डोनर्सना मी काय सांगू? हा सगळा कार्यक्रम तुझ्या गोष्टीवर उभा केलाय. तू कंडक्टर आहेस म्हणून आलेत का हे लोक? कंडक्टर काय, एका फोनवर मिळतो.”

भाचा शेजारीच होता. आता पहिला व्हायोलिनवाला, ऑर्केस्ट्राचा म्होरक्या. वाईट माणूस नाही. मला कित्येकदा घरी सोडलंय त्याने. तो म्हणाला, “यार, आत्ता इश्यू नको ना करू. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. एकदा पोडियमवर गेलीस की तूच राणी.”

मी ऑर्केस्ट्राकडे बघितलं. पडदा पडलेला होता, सगळे जागेवर बसले होते. ऐकू जात होतं त्यांना. ज्यांना मी महिनोन् महिने सुरात आणलं, ते आपापल्या पानांकडे बघत होते. एकही उठला नाही. एकाने पान उलटलं.

माझ्यासमोर ती जागा होती. लाकडी चौथरा, वर स्टँड, त्यावर माझी सगळी पानं. मला तिथे उभं राहायचं होतं. सरांसाठी, पप्पांसाठी आणि सगळ्यांत जास्त स्वतःसाठी, इतकं की पाय आपोआप तिकडे वळत होते. दहा मिनिटांचाच प्रश्न होता. पण ती दहा मिनिटं दिली असती तर पुढचं सगळं दान झालं असतं. माझं मनगट, माझी पाठ केलेली पानं, सरांचे धडे, सगळं मॅडमनी पदरात टाकलेलं.

“मी तुमची गोष्ट नाही,” मी म्हटलं. छडी पिशवीत टाकली. मेकअपच्या खोलीतून पांढरा शर्ट उचलला आणि मागच्या दाराने निघाले.

गेटवर जाऊन पप्पांचा हात धरला. “चला.”

“अगं, कार्यक्रम?”

“नाही करत.”

त्यांनी कोट उतरवला, व्यवस्थित घडी घालून खांबाशी ठेवला. मग शर्ट घालायला आम्ही हॉलच्या मागे गेलो, जिथून वाद्यं आत नेतात तिथे. ते दार पूर्ण लागत नाही. आत टाळ्या वाजल्या. थोड्या वेळाने सुरुवात झाली. कंडक्टर नव्हताच, भाच्याने म्होरक्याच्या खुर्चीतूनच सगळं उचलून धरलं होतं. मी वाट बघत होते कधी कोसळतं त्याची. कोसळलं नाही. संथ भागात चेलो मी शिकवलं तसे आले, मी सांगितलं तिथेच श्वास घेतला. माझ्याशिवाय छान वाजत होतं. त्याचा मला आजही संताप येतो.

रिक्षात पप्पा बेंजो मांडीवर घेऊन बसले होते. जोगेश्वरीच्या सिग्नलला म्हणाले, “मला वाटलं, तुमच्यात बसून वाजवायचंय.”

मी त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

“तू कशाला सोडलंस पण? मी काय, मी जन्मभर गेटवरच वाजवतो. मला त्यात काय.”

“तुम्हाला नसेल, पप्पा. मला आहे.”

“माझ्या नावावर तुझं नुकसान नको लावूस,” ते म्हणाले. रागावले होते माझ्यावर. अजून पूर्ण निवळलेले नाहीत. बेंजो वाजवतात, पार्टीत जातात, पण ती धून त्यांनी पुन्हा वाजवली नाही आणि मी वाजवा म्हटलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मॅडमची गाडी आमच्या गल्लीत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चेलो न्यायला. ड्रायव्हरला पेटी पेलवेना, तेव्हा मीच खाली नेऊन दिला. गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते. कपाट आणि भिंतीमधली जागा रिकामी झाली तेव्हा आई रडली. मी नाही रडले. माझं रडणं त्या चहानंतर रस्त्यावर संपलं होतं.

आता माझ्याकडे प्लायवूडचा चेलो आहे. आवाज पेटीतून आल्यासारखा येतो, पण त्याच्यावर कोणाचा हक्क नाही. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. मरोळच्या चर्चमधले तीन व्हायोलिनवाले, बेंजो पार्टीतला कीबोर्डवाला, कॉल सेंटरची रात्रपाळी संपवून थेट चेलो शिकायला येणारी एक मुलगी. बरेचदा बेसूर होतं. मी ओरडते. ताल चुकला की ‘रक्तात नाही’ असं कोणी म्हणत नाही, परत वाजवायला लागतं. प्रत्येकासमोर स्वतःचा स्टँड आहे. आतली खुर्ची आम्ही ठेवलेलीच नाही. ज्याचं पान त्याने उलटायचं.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. आवाज तसाच गोड. झालं गेलं विसरून जा, म्हणाल्या. सोसायटीवर एक फिल्म होतेय, त्यात तू हवीसच, वडिलांनाही आण. मी म्हटलं, “आमची रिहर्सल असते.”

“रविवारीच ना? आपण इतर दिवशी शूट करू.”

“इतर दिवशीही असते,” म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढच्या वर्षी मी तोच हॉल घेणार आहे. तीच सिंफनी करणार आहे. तयार नसू तर त्याच्या पुढच्या वर्षी, पण तीच आणि तिथेच. संथ भागातली ती धून मी बेंजोसाठी उतरवून काढलीय. ती पप्पांनी वाजवायची की नाही हे पप्पा ठरवतील. नाही म्हणाले तर चेलोवाले वाजवतील, पण पप्पांची खुर्ची मांडलेली असेल, चेलोंच्या शेजारी, बाहेरच्या बाजूला. गेटवर कोणी नसेल. निवेदक नसेल. मी कोण, कुठली, बाप काय करतो, हे कोणी सांगणार नाही. मॅडमनी तिकीट काढलं तर त्यांनाही बसायला खुर्ची मिळेल.

दिवे मंद झाले की मी चालत येईन आणि चौथऱ्यावर चढेन. कंडक्टरची पाठ लोकांकडे असते. तुम्हाला माझं जे बघायचं असेल ते पाठीवर बघा. माझं तोंड माझ्या वाजवणाऱ्यांकडे असेल.